माजघरांतून : उसवलेली लोकर



यंदाच्या दिवाळींत मी चार दिवस माहेरीं, सोनगीरास, जाऊन आलें. धुळ्याच्या उत्तरेस वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, टेकडीवरील जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलेलें हें गांव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीं खानदेशांत नांवाजलेलें आहे. माझ्या लहानपणीं पहांटेची जाग येई ती कारागिरांच्या हातोड्यांच्या ठोक्यांनीं. स्टेनलेस स्टील घरोघर शिरल्यापासून तो नाद विरळ झाला. परंतु आमच्या वाड्यांतलें तांब्याचें घंगाळ आणि पाण्याचा बंब अजून जागेवर आहेत, आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगास अजून तेच लागतात.

भावाची नात पुण्याहून आली होती. वय 20, शिक्षण वास्तुकलेचें, आणि हौस जुन्या वळणाची. जुन्या छायाचित्रांतील बायका पाहून तशी केशरचना करावी, हातानें विणलेला स्वेटर घालावा, बाजारच्या बाटल्या बाजूस ठेवून शिकेकाई-उटणें वापरावें, असें हल्लीं पुष्कळ मुलींना वाटूं लागलें आहे. मोबाईलवर त्या एकमेकींस आपापले अंबाडे दाखवितात. मला या हौसेचें हंसूं येत नाहीं. जी वस्तु आपण अडगळ म्हणून टाकली ती नातीनें पुसून हातीं घ्यावी, यांत वाईट तें काय? प्रश्न एवढाच कीं, ती उचलतांना तिच्यासंगें आणखी काय उचललें जातें, हें पाहण्याचा.

प्रथम कृतीचें बोलूं, कारण पुष्कळ भगिनींनीं तेंच विचारलें आहे. शिकेकाई अर्धा किलो, आवळकाठी व रिठे प्रत्येकीं 100 ग्रॅम, नागरमोथा, कचोरा व मेथी प्रत्येकीं 50 ग्रॅम घ्यावीं. रिठ्यांतील बिया काढाव्या, सर्व जिन्नस उन्हांत कडकडीत वाळवावे व जाडसर दळून आणावे. न्हाण्याच्या आदल्या रात्रीं मूठभर पूड लोखंडी कढईंत पाणी घालून भिजवावी. सकाळीं उकळून, निववून, पातळ फडक्यांतून गाळावी. पाणी काळें झालें म्हणून घाबरूं नये. आवळ्यांतील तुरट द्रव्याचा लोखंडाशीं संयोग होऊन तो रंग येतो. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत मात्र आंबट पदार्थ भिजवूं नये. सोनगीरची लेक असूनहि मी हें सांगतें. आमच्याकडील विहिरींचें पाणी बहुधा जड. त्यांत साबण फेंसाळत नाहीं, आणि त्याचा चिकट साका केंसांवर बसतो. रिठ्या-शिकेकाईस मात्र जड पाण्याची तितकी बाधा होत नाहीं. आमच्या आज्यांचा हा पाठ अनुभवाचा होता. रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेलें तर फार झोंबतें, तेव्हां डोळे घट्ट मिटून घ्यावे.

परंतु जुनें तें सगळेंच निरुपद्रवी असें समजूं नये. शेंदूर शिशापासून होतो; तो भांगांत किंवा भाळीं लावूं नये. सुरम्याच्या कित्येक पुडींतहि शिसें सांपडलें आहे. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत घरचें काजळसुद्धां घालूं नये, असें आजचे डॉक्टर सांगतात, तें ऐकावें.

असो. अभ्यंग झाल्यावर नात पाटावर बसली आणि तिनें माझ्यापुढें एक छायाचित्र धरलें. म्हणाली, "आजी, मला असा अंबाडा घालून दे."

छायाचित्र आमच्याच घरचें, 1941 सालीं वाड्याच्या चौकांत काढलेलें. त्यांत माझी आजी, चुलत्या, आत्या, नऊवारी नेसलेल्या, मानेवर घट्ट अंबाडे, त्यांत फुलें. पुढें पांच मुलें बसलीं आहेत. ऊन दिसतें तरी मुलांच्या अंगांत स्वेटर आहेत. खानदेशचा उन्हाळा जगास ठाऊक आहे, पण आमची थंडीहि कांहीं लहान नव्हे. पौषांत धुळ्याचा पारा कधीं कधीं सहा-सात अंशांपर्यंत उतरतो.

मीं तिचे केंस विंचरले, मानेशीं घट्ट पेड घातला, वेणी टोंकापर्यंत नेऊन काळ्या लोकरीच्या आगवळानें बांधली, वेटोळें करून आंकडे खोंचले. आमच्याकडे यास खोपाहि म्हणतात, आणि सुगरणीच्या घरट्यासहि खोपाच. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनीं त्या सुगरणीच्या खोप्यास मराठी कवितेंत कायमची जागा मिळवून दिली. त्या स्वतः ऐन तिशींत विधवा झाल्या होत्या. माझ्या मनांत हें येत होतें तोंच नातीनें चित्राच्या कडेवर बोट ठेवलें. "ही कोण? अर्धीच का आली आहे?"

माजघराच्या दारांत, चौकटीनें अर्धी कापलेली, एक आकृति उभी आहे. डोक्यावरून पदर पुढें ओढलेला. चित्र काळें-पांढरें असल्यानें त्या वस्त्राचा रंग कळत नाहीं. मला तो ठाऊक आहे. तें तांबडें आलवण होतें. ती माझ्या वडिलांची आत्या. आम्हीं मुलें तिला आत्याआजी म्हणत असूं.

नवव्या वर्षीं तिचें लग्न झालें, तेराव्या वर्षीं ती परत आली, आणि त्याच आठवड्यांत तिच्या डोक्यावरचे केंस गेले. पुढें जवळजवळ साठ वर्षें तिनें ते वाढूं दिले नाहींत, किंवा खरें बोलायचें तर, आम्हीं वाढूं दिले नाहींत. आणि त्या घरांतील सगळ्या मुलींचे केंस विंचरणारी हीच. शनिवारीं दुपारीं आम्हीं ओळीनें तिच्यापुढें बसत असूं. तिच्या बोटांना गुंता सोडविण्याची अशी कला होती कीं, डोळ्यांत पाणी येत नसे. फणींत राहिलेलें गुंतवळ ती एका डब्यांत सांठवी आणि त्यांतून विरळ केंसांच्या सुनांसाठीं गंगावन वळून देई. आरसा मात्र तिच्या खोलींत नव्हता. लहानपणीं मला वाटे, तिला आवडत नसेल.

विणकाम तिला शेजारच्या एका शिक्षिकेनें शिकविलें. लोकर सोवळ्यास चालते, त्यामुळें या एका कामास घरांतून कोणाचीच हरकत नव्हती. चित्रांतील पांचहि स्वेटर तिच्या हातचे. 1962 सालीं चीनचें आक्रमण झालें तेव्हां गांवोगांव बायकांनीं जवानांसाठीं विणकाम केलें. त्या हिंवाळ्यांत सत्तरीची आत्याआजी कंदिलाजवळ बसून हिरवट लोकरीचे मोजे विणीत असे. मी तेव्हां 14 वर्षांची होतें आणि तिच्यासाठीं गुंडे करून देत असें. पुढें तीन वर्षांनीं ती गेली.

हें सगळें मीं नातीला सांगितलें. तिनें विचारलें, "कोणी बोललें नाहीं?"

बोलले. गोपाळ गणेश आगरकरांनीं 1888 सालीं निघालेल्या ‘सुधारक’ पत्रांतून या क्रूर चालीवर प्रहार केले. 1890 सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून विधवांवर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. ज्यांच्या पोटाचा तो धंदा त्यांना जें उमगलें, तें शास्त्र वाचणाऱ्या आम्हां घरांना पुढें कित्येक वर्षें उमगलें नाहीं, ही गोष्ट आपण विसरूं नये. धोंडो केशव कर्वे यांनीं 1896 सालीं विधवांसाठीं आश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनीं त्याच संस्थेच्या वर्गणीसाठीं अमेरिकेपर्यंत प्रवास केला, आणि त्याआधींच, प्रौढ वयांत, स्वतःचें केशवपन बंद केलें. त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत हें मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. पुणें-मुंबईस हें घडत होतें आणि सोनगीरास टपाल रोज येत होतें. आमच्या घरीं वृत्तपत्रें वाचलीं जात. वाचलीं जात, आणि घडी घालून ठेविलीं जात.

आतां विणकामाकडे वळतें. विषयांतर वाटेल, पण तें नाहीं. नातीनें आत्याआजीच्या पेटींतून एक जुना स्वेटर काढला. कोंपर फाटलेलें, गळ्याशीं कसर लागलेली. तिला तो तसाच जपून ठेवायचा होता. मीं म्हटलें, आत्याआजीनें असा स्वेटर कधींहि तसाच ठेवला नसता. तिनें तो उसवला असता. आम्हीं दोघींनीं तेंच केलें. शिवण सोडावी, ज्या बाजूनें टाके बंद केले त्या टोंकाकडून उसवीत यावें, लोकर पाटाभोंवतीं गुंडाळून तिची लड करावी, चार ठिकाणीं सैल बांधावी. कोमट पाण्यांत रिठ्याच्या निवळींत ती बुडवावी, चोळूं नये. मग सावलींत टांगून खालीं हलकेंसें वजन लावावें, म्हणजे जुन्या टाक्यांच्या वळ्या जातात. जेथें कसर लागली तेवढा धागा निर्दयपणें तोडून टाकावा, कारण कसरीची अंडीं राहिलीं तर नव्या विणीलाहि ती खाते. चांगला धागा मात्र साठ-साठ वर्षांनींहि नव्यासारखा विणतां येतो.

नव्या विणकरणींनीं अंदाजानें टाके घालूं नयेत. आधीं चौरस तुकडा विणून पाहावा. समजा, 10 सें.मी. रुंदींत 22 टाके बसले. मुलाची छाती 60 सें.मी., सैलपणासाठीं आणखी 6, म्हणजे 66. पाठीस त्याच्या निम्मे, 33 सें.मी. यास 2.2 नें गुणलें म्हणजे 72 ते 73 टाके होतात. शिवणीसाठीं दोन धरून 74 घालावे. खालचा काठ एक सुलट एक उलट असा 5 सें.मी. विणावा, पुढें सुलट एक ओळ, उलट एक ओळ. आत्याआजीचें माप विती-बोटांचें असे. पण हिशेब हाच.

जुन्या चालीरीतींचेंहि असेंच करावें, असें मला त्या लडीकडे पाहतांना वाटलें. स्वेटर आहे तसा अंगावर चढविला तर फाटकें कोंपरहि अंगावर येतें; आणि सबंध टाकून दिला तर शनिवारच्या दुपारीं एकमेकींचे केंस विंचरण्याचा तो निवांतपणाहि जातो. उसवावें, कसर तोडावी, उरलेल्या धाग्यानें आपल्या मापाचें विणावें.

परंतु लिहिणें सोपें असतें. त्या दिवशीं नातीनें अंबाड्यांत खोंवण्यासाठीं शेवंतीचा गजरा केला आणि त्यांतली उरलेली चार फुलें हातांत घेऊन ती माझ्यामागें येऊन उभी राहिली. म्हणाली, "आतां तूं बैस."

माझे यजमान जाऊन नऊ वर्षें झालीं. मला कोणीं आलवण नेसविलें नाहीं, माझ्या केंसांस कोणीं हात लावला नाहीं; सुना-मुलें सुशिक्षित आहेत. फूल घालूं नको असेंहि मला कोणी म्हणालें नाहीं. तरी नऊ वर्षांत मीं एकहि फूल केंसांत घातलें नाहीं. हळदीकुंकवाच्या दिवशीं मी आपण होऊन मागच्या खोलींत जाऊन बसतें आणि त्याला ‘गुडघे दुखतात’ असें नांव देतें. आत्याआजीला दाराच्या चौकटींत निदान दुसऱ्यांनीं उभें केलें होतें. मी आपली आपण जाऊन उभी राहिलें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें मे 2022 मध्यें विधवांच्या अवमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत सरकारनें इतर गांवांनींहि तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें, तेव्हां मीं घरांत त्याची मोठी वाखाणणी केली होती. पण गांवानें ठराव केला तरी फूल कोणीतरी केंसांत खोंवावें लागतें, आणि कोणीतरी मान पुढें करावी लागते.

"लोक काय म्हणतील," असें माझ्या तोंडून निघून गेलें. निघाल्यावर मलाच लाज वाटली. मी पाटावर बसलें.

माझे केंस आतां थोडे राहिले आहेत. नातीनें ते हळू विंचरले, लहानसा अंबाडा बांधला, आणि चार फुलें खोंवलीं. तिचीं बोटें आत्याआजीसारखीं सराईत नाहींत; एक आंकडा टोंचला. मी ओसरीवर गेलें तेव्हां दादा, माझे 84 वर्षांचे थोरले बंधु, वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं मान वर केली, चष्मा नीट केला, आणि बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "आत्यानें पाहायला हवें होतें. बैस, फराळ इथेंच मागवूं."

नातीनें ती उसवलेली लोकर पुण्यास नेली आहे. तिचें काय विणणार तें तिनें सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. पुढील अंकीं मोज्याची टांच कशी वळवावी, तें देईन. पुष्कळ भगिनी तेथेंच अडतात.