काका सुटले, काकू अडकल्या



गेल्या हिवाळ्यात आमच्या कोपरगावच्या गटातल्या बावीसजणी एका शिबिरासाठी पुण्याला गेलो होतो. शिबिर दुपारीच आटोपलं, परतीची एस.टी. रात्रीची. मधल्या वेळात शनिवारवाडा बघू, असं ठरलं. तिथे एक तरुण मार्गदर्शक भेटला. गळ्यात छोटा स्पीकर, बोलणं चटपटीत. ‘पेशव्यांचं पुणे’ अशी पायी सहल तो काढतो. तासाभराच्या फेरीत बांधकाम, कारंजी, १८२८ ची आग हे सगळं त्याने भरभर उरकलं आणि चांगली पाऊण तास रंगवून सांगितली ती एकच गोष्ट: नारायणराव पेशव्यांचा खून. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अमावास्येच्या रात्री अजून ऐकू येते, वगैरे.

मग त्याने थांबून विचारलं, “आणि आनंदीबाईंनी काय केलं?”

आमच्या बायकांनी एका सुरात उत्तर दिलं, “ध चा मा!”

सगळ्या हसल्या. मीही हसले, हे कबूल करते. एकटी हसली नाही ती आमच्या सल्ला केंद्रात दोन वर्षांपूर्वी आलेली एक बाई. तिच्या नवऱ्याने आणि दिराने बांधावरून एकमेकांवर कुऱ्हाडी उगारल्या, दीर जायबंदी झाला, आणि गावाने निकाल दिला की हिनेच कान भरले. नवरा आज गावात ताठ मानेने फिरतो. तिला माहेरी बसावं लागलं. परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी होती. संगमनेर मागे पडल्यावर म्हणाली, “ताई, तलवार कोणाच्या हातात होती, ते त्या पोराने नीट सांगितलंच नाही.”

खरंच सांगितलं नव्हतं. म्हणून घरी आल्यावर पुस्तकं काढली.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. नारायणराव अठरा वर्षांचा. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी आत घुसले. सुमेरसिंग, महंमद युसूफ, खरकसिंग ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. पोरगा पळत काकांच्या दालनात शिरला, त्यांना मिठी मारली. तुळाजी पवाराने त्याला ओढून काढलं आणि गारद्यांनी तोडलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावांच्या पदरात घातला. पेशवेपदावर बसलेल्या माणसाला देहांत प्रायश्चित्त सांगून ते पुणं सोडून गेले. कटात गुंतलेल्यांचा आकडा पुढे ४९ निघाला, त्यात जवळजवळ सगळे पुरुष. म्हणजे न्यायाधीशाने दोषी ठरवला तो काका, आणि लोकांनी अडीचशे वर्षं फासावर चढवली ती काकू!

मग हे ‘ध चा मा’ आलं कुठून? १८२६ साली ग्रँट डफ या इंग्रजाचा मराठ्यांचा इतिहास छापून आला. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेल्या कागदाची हकीकत त्यात आहे, आणि हा फेरफार आनंदीबाईने केला असा सर्वसाधारण समज असल्याचंही त्याने लिहिलं आहे. समज! खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी नोंदलेला. रघुनाथरावांनी स्वतःच अक्षर बदललं असेल, कारभाऱ्याने बदललं असेल, किंवा मुळात ‘मारावे’च लिहिलं असेल आणि ‘धरावे’ ही नंतरची सारवासारव असेल. पण १९४४ मध्ये प्रभातने ‘रामशास्त्री’ काढला, ललिता पवारांची आनंदीबाई घरोघरी पोचली आणि वाद मिटल्यासारखा झाला. आता शाळेतली मुलंही हा वाक्प्रचार वापरतात.

याच दिवसाची आणखी एक गोष्ट आहे. कटाची कुणकुण नारायणरावाला आधीच लागली होती. बंदोबस्ताचं त्याने हरिपंत फडक्यांना सांगितलं. हरिपंतांना कुणाकडे जेवणाचं आमंत्रण होतं. ते जेवायला गेले, बंदोबस्त मागे राहिला आणि तेवढ्यात घात झाला. यावरून ‘हरिपंत जेवायला गेले’ असा वाक्प्रचार मराठीत रूढ झाल्याचं कुणी ऐकलंय का?

आणि ज्या दोघींसाठी हा लेख लिहायला बसले, त्यांच्याबद्दल तर त्या फेरीत एक शब्दही नव्हता. रियासतकार सरदेसाई सांगतात की त्या अर्ध्या तासात वाड्यात अकराजण मारले गेले आणि त्यांत दोन दासी होत्या. पळून जायला त्यांना जागा नसेल, की त्या मध्ये पडल्या असतील? धन्यावर अंग टाकून मेलेल्या चापाजी टिळेकराचं नाव निदान इतिहासात राहिलं. या दोघी ‘दोन दासी’च राहिल्या. भूत निघालं तेही पेशव्याचंच.

असं आपल्याकडेच घडतं असं नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली पाच गरीब बायकांचे खून झाले. मारेकरी कधीच सापडला नाही, पण ‘जॅक द रिपर’ या नावाने तो अमर झाला आणि त्याच्या नावाच्या सहली तिथे रोज संध्याकाळी तिकीट लावून निघतात. २०१५ मध्ये तर स्त्रियांच्या इतिहासाचं संग्रहालय काढतो म्हणून परवानगी घेतली आणि प्रत्यक्षात त्या खुन्याचं संग्रहालय उघडलं! बायकांनी दारात निदर्शनं केली. पुढे २०१९ मध्ये हॅली रुबेनहोल्ड या लेखिकेने त्या पाचजणींच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं. मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. मारेकरी कोण या कोड्याला तिने त्यात थाराच दिला नाही.

कुणी म्हणेल, म्हणजे आता आनंदीबाईला देवी करायचं का? मुळीच नाही. नवऱ्याला पेशवाई मिळावी असं तिला वाटत असणार. कटाची माहितीही तिला असेल, कोण जाणे. पण महत्त्वाकांक्षा हा काही पुरावा नव्हे, आणि त्या वाड्यात महत्त्वाकांक्षा नसलेला पुरुष शोधून दाखवावा. आमच्या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्याबाईंचं नाव आहे, चौंडी इथलीच. त्या पुण्यश्लोक आणि आनंदीबाई कारस्थानी. या दोन खुर्च्यांच्या मध्ये बाईला बसायला जागाच ठेवलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

आनंदीबाई आमच्या गावात राहिली, हे बावीसजणींपैकी चौघींना माहीत होतं. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव कोपरगावला आले आणि १७८३ मध्ये इथेच वारले. बाजीराव तेव्हा आठ वर्षांचा, आणि आनंदीबाई गरोदर; १७८४ मध्ये चिमाजी जन्मला तो बाप गेल्यावर. दहा वर्षांपूर्वी नारायणरावाच्या गंगाबाईवर हीच वेळ आली होती. तिला पोटुशी असताना पुरंदरावर ठेवलं आणि मुलगा झाल्याबरोबर तो पेशवा झाला. एकीच्या पोटावर राज्य टांगलेलं, दुसरीच्या पोटावर पुण्याहून नाना फडणविसांची नजर. आनंदीबाई पुढेही मुलांसह पहाऱ्यातच राहिली, ती १७९४ मध्ये मरेपर्यंत. खुनाची गोष्ट रंगवणाऱ्याला हे पुढचं काहीच लागत नाही.

तर आम्ही ठरवलंय, आपणच एक फेरी काढायची. राघोबादादांच्या वाड्यापासून गोदावरीच्या घाटापर्यंत, ८ मार्चच्या आधीच्या रविवारी. तिकीट नाही, येताना भाकरी बांधून आणा. वाड्यात काय काय सांगायचं याची वाटणी झाली आहे. दोन दासींबद्दल बोलायचं ‘तलवार कोणाच्या हातात होती’ विचारणारीने मागून घेतलंय. तिला मी म्हटलं, त्यांच्याबद्दल एका ओळीपलीकडे काहीच मिळत नाही गं. ती म्हणाली, “तेच सांगते की.”

पुण्याच्या त्या मुलालाही पत्र टाकलंय. त्याने फोन केला, चिडेल असं वाटलं होतं, पण म्हणाला, “मॅडम, ‘ध चा मा’ काढला तर लोकांना मजा येणार नाही.” मी म्हटलं, काढू नकोस, फक्त पुढे विचार, हे तुम्हाला कोणी सांगितलं? बघू म्हणाला.