छपराची दुलई

वैशाखातील भर दुपारी बेला किंवा जैनदकडील एखाद्या पत्र्याच्या घरी गेल्यास घरची माणसे बहुधा बाहेर, कडुलिंबाच्या सावलीत बसलेली आढळतात. ज्या छपराने निवारा द्यावा, तेच माणसांना घराबाहेर काढते! आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पौषातील पहाटे तोच १० अंशांच्याही खाली उतरतो. दोन्ही ऋतूंचा जाच सर्वांत अधिक होतो तो अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आणि पाळण्यातील बाळांना. कारण त्यांना उठून सावलीत जाता येत नाही.

यावर अलीकडे फवारणीच्या फोमचा उपाय सुचविण्यात येतो. त्याचे मर्म समजण्यास कापूस पिकविणाऱ्यांना सायास पडू नयेत. दुलई स्वतः ऊब निर्माण करीत नाही. कापसाच्या तंतूंत कोंडलेली निश्चल हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. फोमचेही तसेच आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांनी १९३७ साली शोधलेल्या पॉलियुरेथेनचाच हा प्रकार. दोन द्रव एकत्र फवारले की ते फुगतात आणि असंख्य बारीक पोकळ्यांचा थर पत्र्याच्या आतल्या बाजूस घट्ट बसतो. अशा घट्ट फोमचा एक इंच थर सुमारे दोन फूट जाडीच्या विटांच्या भिंतीइतकी उष्णता अडवितो. म्हणून ही दुलई उन्हाळ्यात ऊन बाहेर ठेवते, तर हिवाळ्यात ऊब आत. फटी बुजतात, पावसाचा ताशाही सौम्य होतो.

परंतु गुणांबरोबर दोषही ध्यानात घ्यावेत. फोम पेट घेतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. तो उघडा न ठेवता जिप्समच्या तक्तपोशीने झाकावा. चुलीजवळ तर मुळीच नसावा. फवारणी जाणत्या कारागिराकडूनच करवावी, आणि निदान एक दिवस व एक रात्र घरच्यांनी बाहेर राहावे. गळके पत्रे आधी दुरुस्त करावेत, नाहीतर फोमआड ते गुपचूप गंजत राहतात. आणि फटी बुजल्यावर चुलीच्या धुराला धुराडे व खिडकी हवीच. अन्यथा उन्हापासून वाचविलेली गृहिणी आपणच धुरात कोंडू!

खर्च प्रत्येकाला पेलणारा नाही, हेही आम्ही जाणतो. ज्यांना तो झेपत नाही, त्यांनी निराश होऊ नये. तेलंगणा सरकारने २०२३ साली शीत छत धोरण जाहीर केले, त्याचे सूत्र साधे आहे : ऊन छपरातच मुरू न देता परतवावे. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग किंवा स्लॅबवर चुना दिल्यास बराच फरक पडतो. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचा माळा घालून मध्ये हवेची पोकळी ठेवणे, हाही जुना नि चांगला उपाय. मात्र तोही चुलीपासून दूर असावा.

घर बांधताना आपण दाराची नक्षी पारखतो, भिंतीचा रंग निवडतो. यंदा उन्हाळ्यापूर्वी एकदा मान वर करून छपराकडे पाहावे. त्याच्याखाली दुपारभर कोण निजते, हे आठवले म्हणजे पहिला खर्च कोठे करावा, ते निराळे सांगावे लागणार नाही.