घरचा संगणक आणि लोणच्याची बरणी

पूर्वीं एकत्र कुटुंबांत जी जागा माजघरांतील लांकडी पेटीस असे, ती आतां घरांतील संगणकानें घेतली आहे. आजोबांनीं मोडी कागदांवरून उतरवून घेतलेला कुळवृत्तांत, मुलांच्या मुंजींचीं छायाचित्रें, प्राप्तिकराचे कागद, सुनेचा प्रबंध, हें सर्व त्या एका यंत्राच्या पोटांत असतें. फरक इतकाच कीं, पेटीची किल्ली एकाच्या कंबरेला असे; संगणक मात्र सर्वांच्या हातीं आहे. म्हणून त्यांत व्हायरस शिरल्यास काय करावें, याचा विचार प्रत्येक घरानें आधींच करून ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

व्हायरस हा आपोआप उत्पन्न होणारा रोग नव्हे. तो मनुष्यानेंच लिहिलेला आज्ञांचा संच होय. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरला. फ्लॉपी गेली, पेन ड्राइव्ह आला. प्रवासाची रीत तीच राहिली. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत परीक्षेचा अर्ज किंवा प्रबंधाचीं पानें छापून आणण्यासाठीं पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानांत नेणें, हा विद्यार्थ्यांचा नित्यक्रम आहे. तेथील यंत्रास अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात. बाहेरून आल्यावर आपण पाय धुऊन घरांत येतों, त्याप्रमाणें तो पेन ड्राइव्ह अँटिव्हायरसकडून तपासल्यावांचून उघडूं नये.

बाधेचा संशय येतांच प्रथम इंटरनेट तोडावें, आणि मग बाधेचा प्रकार ओळखावा. पेन ड्राइव्हमधील फाइली नाहींशा होऊन त्यांच्या जागीं नुसते शॉर्टकट दिसूं लागले, तर घाबरून तो फॉर्मॅट करूं नये. मूळ फाइली बहुधा तेथेंच लपविलेल्या असतात. व्हायरस काढल्यावर त्या पुन्हां दृश्य करतां येतात. दुसऱ्या प्रकारांत व्हायरस एखाद्या प्रोग्रॅमच्या फाइलीस चिकटतो. अँटिव्हायरसनें ती स्वच्छ केली तर उत्तम. न झाल्यास तो प्रोग्रॅम पुसून अधिकृत ठिकाणाहून नव्यानें घालावा. त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं.

तिसरा प्रकार घातक आहे. त्यांत आपल्या फाइलींस कुलूप लागतें, नांवापुढें अनोळखी शेपूट येतें, आणि किल्लीसाठीं खंडणी मागितली जाते. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. फुकट मिळविलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरबरोबर तो पुष्कळदां घरांत येतो. येथें अँटिव्हायरस चोरास हांकलतो. त्यानें लाविलेलें कुलूप मात्र उघडत नाहीं.

१२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’नें दीडशेंहून अधिक देशांतील संगणकांस असें कुलूप घातलें. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. ‘अपडेट उद्यां पाहूं’ म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पुढच्याच महिन्यांत, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’नें मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम थांबविलें. त्यांतील खंडणी हा केवळ देखावा होता. पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्यांत नव्हती. तेव्हां खंडणी देऊं नये. कुलूपबंद फाइली मात्र जपून ठेवाव्या. २०१६ मध्यें युरोपोल व इतर संस्थांनीं चालू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमांत कांहीं कुलपांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात.

परंतु खरा उपाय आमच्या स्वयंपाकघरांत फार दिवसांपासून आहे. वर्षाच्या लोणच्याची मोठी बरणी कोणतीही जाणती गृहिणी रोज उघडीत नाहीं. ती दादरा बांधून फडताळांत राहते; रोजच्या वाढपास छोटी बरणी निराळी. ओला चमचा पडलाच, तर नासते ती छोटी. महत्त्वाच्या फाइलींची प्रतही अशीच बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि डिस्क काढून कपाटांत ठेवावी. सदैव जोडून ठेविलेल्या डिस्कचा भरंवसा धरूं नये. कुलूप तिलाही लागतें. बाधा झालेल्या यंत्रास तर ती कदापि लावूं नये. घरांतील एकानें हें काम अंगावर घ्यावें आणि दर संकष्टीस करावें, म्हणजे विसर पडणार नाहीं.

शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे, माणसांची. मुलानें खेळ उतरवून घेतांना, किंवा आजोबांनीं अनोळखी ई-मेलबरोबर आलेली फाइल उघडतांना कांहीं विपरीत दिसलें, तर तें तत्काळ सांगण्यास कोणासही भय वाटूं नये. जेथें ‘कोणीं केलें?’ हा प्रश्न आधीं येतो, तेथें मूल गप्प बसतें, आणि तेवढ्या वेळांत एकामागून एक फाइलीस कुलूप लागत जातें. वडील मंडळींनीं ‘केव्हां झालें?’ हें आधीं विचारावें. कुळवृत्तांत पुन्हां टंकून काढतां येईल. परंतु नातवाच्या बारशाला पाळणा म्हणणारी आजी आज हयात नसेल, तर तिचा साठविलेला आवाज कोठून आणावयाचा? डिस्क अद्याप आणली नसल्यास वाचकांनीं येत्या संकष्टीपूर्वीं आणावी, आणि पहिली प्रत त्या आवाजाची घ्यावी.