उरलेले अन्न : सद्भावनेला शिस्तीची जोड हवी

नाशिक हा द्राक्षे, कांदा व भाजीपाला पिकविणारा संपन्न जिल्हा. तरीही रोजच्या मजुरीवर चूल पेटणारी कुटुंबे येथेही आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव कोसळले, तेव्हा येथील शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ आली. प्रश्न केवळ अन्न पिकविण्याचा नसून ते वेळेत गरजूंच्या हाती पोहोचविण्याचाही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यापैकी सुमारे १२ टक्के दुकाने व सुपरमार्केटांत, तर ६० टक्के घरांत. फ्रान्सने २०१६ साली मोठ्या सुपरमार्केटांना खाण्यायोग्य अन्न नष्ट करण्यास कायद्याने मनाई केली. भारतात तशी सक्ती नाही. मात्र अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनी वाटपाची शिस्त घालून दिली आहे. वाटप करणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी आणि मुदत संपण्यापूर्वीच अन्न पोहोचले पाहिजे.

येथेच स्वयंसेवकाचे मोल कळते. २०१४ साली दिल्लीत सुरू झालेली ‘रॉबिन हूड आर्मी’ आर्थिक देणग्या न स्वीकारता, स्वयंसेवकांच्या वेळेवरच चालते. दूध, पाव, फळे आपल्या सवडीसाठी थांबत नाहीत. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी दुकानाच्या दारी येणारा माणूस हवा.

टाकलेले अन्न म्हणजे गरिबाच्या ताटातून केलेली चोरीच, अशा आशयाचे उद्गार पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली काढले होते. म्हणून आम्हांस वाटते, की प्रत्येक धर्मग्रामातील काहींनी आठवड्यातील दोन तास या कार्यास द्यावेत. आपण स्वतः खाऊ तेच द्यावे आणि घेणाऱ्याचा मान राखावा. सुरुवात मात्र आपल्याच घरातील ताटापासून व्हावी.