हिरवे दिसते, पण ओले आहे का?

मार्च २०२३ मध्ये सत्तरीतले डोंगर पेटले होते, ते कुणी विसरले नसेल. म्हादई अभयारण्यात वणवे लागले, नौदलाची हेलिकॉप्टरे येऊन पाणी ओतून गेली. एवढे हिरवे जंगल पेटते कसे, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडी होता. मला वाटते, आपण हिरवेपणावर फार विसंबतो.

सरकारी वनस्थिती अहवालच घ्या. एक हेक्टर वा त्याहून मोठी जमीन, तिच्यावर निदान दहा टक्के झाडांचे छत्र, की झाले वनाच्छादन. झाड कुठले, मालक कोण, हे विचारायचे नाही. काजूची बाग आणि जुनी देवराई एकाच रकान्यात. आम्ही कारकून मंडळी रकाने भरण्यात जन्म घालवतो, त्यामुळे यातली गंमत मला जरा जास्तच कळते. त्या अहवालात पाण्याचा रकानाच नाही.

तो भरण्याची सोय मात्र आकाशात झालेली आहे. जमिनीतून सतत अगदी क्षीण मायक्रोवेव्ह लहरी निघत असतात. त्या झाडांतून वर येताना पानांतले, फांद्यांतले पाणी त्यांना अडवते. किती अडल्या, यावरून झाडोऱ्यात पाणी किती याचा अंदाज बांधता येतो. ढगांची अडचण नाही, अंधाराची नाही. युरोपचा स्मॉस २००९ साली गेला, अमेरिकेचा स्मॅप २०१५ साली. स्मॅप सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास माथ्यावरून जातो, हे मला फार आवडले. झाड रात्री मुळांवाटे पाणी भरून घेते आणि दिवसभर उन्हात ते गमावते. सकाळ-संध्याकाळचा फरक म्हणजे झाडाच्या तहानेचा हिशेबच की!

आता गोम. स्मॅपच्या नकाशाचा एक चौकोन सुमारे ३६ किलोमीटरचा. आपला गोवा ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम तीन चौकोन! सत्तरीचे रान, मांडवीचे पात्र आणि सासष्टीची शेते यांची एकच खिचडी.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार, इस्रो आणि नासाचा, बराच बारीक पाहतो. स्वतःच लहरी पाठवून प्रतिध्वनी ऐकतो, दर बारा दिवसांनी त्याच वाटेवर येतो, आणि माहिती सर्वांना फुकट. पण घाटातल्या उभ्या उतारांवर प्रतिध्वनी वाकडातिकडा होतो, पानांवरचे दंव फसवते. शिवाय वणवा बहुधा खालच्या पाचोळ्यात धरतो, आणि रडारला मुख्यतः दिसते ते वरचे जिवंत झाड.

म्हणून माझे म्हणणे असे, की उपग्रहाच्या जोडीला माणूस रानात गेलाच पाहिजे. पाने आणि पाचोळा गोळा करायचा, वजन करायचे, भट्टीत सुकवायचा, पुन्हा वजन करायचे. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांतली दहावी-बारावी झालेली मुले हे काम चार दिवसांत शिकतील. जानेवारी ते मे, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी. आकडा उपग्रहाच्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि मराठी-कोंकणीत पंचायतीच्या फलकावर लावायचा. तराजू, भट्टी आणि मुलांचा रोज, एवढाच खर्च. हेलिकॉप्टरच्या एका फेरीचे बिल ज्याने पास केले असेल, त्याने हा प्रस्तावही एकदा वाचावा.