आकाशीच्या दिव्यांतील तेल

मागील हिवाळ्यात एका स्नेह्यांकडील मंगलकार्यानिमित्त आम्हांस उज्जैन येथे जाण्याचा योग आला. स्नेह्यांचे बिऱ्हाड शहरातील नानाखेडा भागात, बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर. शिंदेशाहीच्या काळापासून माळव्यात रुजलेले हे मराठी कुटुंब. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. रात्रीची जेवणे आटोपून आम्ही गच्चीवर बसलो होतो. बसस्थानकाच्या दिव्यांनी आकाश फिकट केले होते, तरी मृग नक्षत्र तेवढे स्पष्ट दिसत होते. यजमानांचा आठ-नऊ वर्षांचा नातू बराच वेळ वर पाहत होता. त्याने एकाएकी विचारले, “आजोबा, तारे कशावर जळतात? आणि त्यांतले तेल संपले तर पुन्हा कोण घालतो?”

आम्ही त्या वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, हे कबूल केले पाहिजे. परंतु प्रश्न मनातून जाईना. घरी परतल्यावर आम्ही थोडे वाचन केले, जाणत्यांस विचारले, आणि जे कळले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

ताऱ्यांतील तेल म्हणजे हायड्रोजन वायू. आपला सूर्यही त्यावरच तेवतो आहे. तारा आपले तेल जन्मतःच बरोबर घेऊन येतो व ते संपले की विझतो. मात्र आकाशगंगांमध्ये वायूचे प्रचंड ढग पसरलेले असतात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. मृगाच्या बाणाखाली जो धूसर ठिपका दिसतो, तो असाच एक ढग असून तेथे आजही तारे जन्मास येत आहेत. तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे खरे रूप असे: आकाशगंगांच्या कोठारात हा वायू किती होता, किती उरला, आणि त्यात भर पडते काय? पणती किती वेळ तेवेल हे ज्योत पाहून कळत नाही. त्यासाठी पणतीत वाकून तेल पाहावे लागते. वायूचे हे तेल मात्र थंड व काळोखे. साध्या दुर्बिणीतून ज्योती दिसतात, तेल दिसत नाही.

उज्जैनच्या मुक्कामातच आम्ही तेथील वेधशाळा पाहिली होती. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात ती उभारली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. पुढे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचे अधीक्षकपद सांभाळले. तेथे दगडचुन्याची यंत्रे आहेत, व त्यांपैकी सम्राट यंत्र आणि शंकु यंत्र सूर्याची गती सांगतात ती केवळ सावलीवरून. जे सरळ पाहता येत नाही ते त्याच्या सावलीवरून जाणावे, हा ज्योतिषाचा फार जुना धडा होय. या धड्याचे पुढे काय झाले, हे पाहावयाचे तर उज्जैन सोडून आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळील खोडद येथे यावे लागते.

हायड्रोजनचा अणू अगदी साधा: मध्ये एक प्रोटॉन व त्याच्या संगतीस एक इलेक्ट्रॉन. हा इलेक्ट्रॉन क्वचित आपली दिशा पालटतो, आणि तसे करताना एकवीस सेंटिमीटर लांबीची एक क्षीण रेडिओलहर बाहेर पडते. एका अणूच्या वाट्यास हा प्रसंग सुमारे एक कोटी वर्षांत एकदा यावयाचा; पण आकाशात अणूंची संख्याच अगणित, म्हणून लहर सदैव चालू असते. हॉलंड देश शत्रूच्या ताब्यात असताना, १९४४ साली, व्हान द हुल्स्ट या तरुण डच विद्वानाने हे भाकीत केले. १९५१ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे युएन व पर्सेल यांनी ती लहर प्रत्यक्ष पकडली. तेव्हापासून वायूचे तेल पाहण्याऐवजी ऐकता येऊ लागले.

भारतात हे ऐकण्याची विद्या रुजविली ती गोविंद स्वरूप यांनी. त्यांचा जन्म १९२९ सालचा, उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा गावचा. ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत शिक्षण झाल्यावर तेथे सुखाची नोकरी करणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी व त्यांच्या तीन भारतीय सहकाऱ्यांनी होमी भाभांस पत्र लिहून मायदेशी काम करण्याची इच्छा कळविली, आणि भाभांनी तारेने होकार धाडला. १९६३ साली स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या बत्तीस लहान तबकड्या दिल्लीत पडून होत्या. त्या आणून त्यांनी १९६५ साली कल्याण येथे देशातील या विद्येची पहिली मोठी मांडणी उभी केली. पुढे १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुरी झाली. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९८४ च्या सुमारास, त्यांनी याहून मोठे काम मनावर घेतले. विश्वाच्या बालपणीचा हायड्रोजन शोधणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता.

तेच हे खोडदचे काम. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकी चौदा खोडदजवळ एकत्र व सोळा तीन दिशांना, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. भरीव पत्र्याच्या एवढ्या तबकड्या करावयाच्या तर खर्च आवाक्याबाहेर जाता. म्हणून स्वरूपांनी दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर बारीक तारेची जाळी बसविली. आमच्या कोळी बांधवांचे जाळे वाळत घालावे तशी ती दिसते. वारा आरपार जातो, पण लांब रेडिओलहरी त्यावरून परततात. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण देशास अर्पण झाली.

या वेलीच्या सावलीत जी पिढी वाढली, तीत निस्सीम काणेकर हे नाव ठळक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातच त्यांनी डॉक्टरेट मिळविली, काही वर्षे परदेशांत काम केले आणि पुन्हा तेथेच परतले. आकाशगंगांतील हायड्रोजन हाच त्यांच्या कार्याचा मुख्य विषय. त्यासाठी प्रथम त्यांनी जी वाट धरली ती उज्जैनच्या शंकूचीच. अतिदूरच्या तेजस्वी क्वेसारांचा प्रकाश व लहरी आपल्याकडे येताना वाटेत एखाद्या आकाशगंगेचा वायू आडवा येतो आणि आपली सावली त्यांवर उमटवितो. त्या सावलीवरून वायू थंड आहे की उष्ण, हे काणेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मोजले, आणि प्राचीन काळच्या आकाशगंगांत उष्ण वायूचे प्रमाण अधिक होते असे दाखविले. २०१७ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

परंतु सावलीस एक मर्यादा असते. विहिरीत सोडलेला दोर पाण्याची खोली सांगतो, पण विहिरीत एकूण पाणी किती हे सांगत नाही. त्यासाठी वायूची स्वतःची लहर ऐकणे भाग होते, आणि ती आठशे कोटी वर्षांपूर्वी निघालेली. विश्व प्रसरण पावत आहे, असे १९२७ साली लमेत्र या बेल्जियन कॅथलिक धर्मगुरूंनी मांडले होते. त्या प्रसरणामुळे वाटेत लहर ताणली जाते. निघताना एकवीस सेंटिमीटरची असलेली लहर खोडदला पोहोचते तेव्हा बेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास झालेली असते, आणि इतकी क्षीण की एका आकाशगंगेची ऐकू येणे दुरापास्त.

यावर उपाय साधा, पण कष्टाचा. देवळात एकट्याने पुटपुटलेला शब्द मागच्या बाकावर पोहोचत नाही. हजारांनी एकाच क्षणी तोच शब्द पुटपुटला तर तो भिंतींना जाऊन भिडतो. आदित्य चौधरी या तरुण संशोधकाने काणेकर, जयराम चेंगलूर व बंगळुरूच्या दोघा विद्वानांसह हेच केले. हवाई बेटावरील मोठ्या दुर्बिणीमुळे ज्यांची अंतरे आधीच ठाऊक होती, अशा ७,६५३ आकाशगंगांचे क्षीण स्वर त्यांनी जुळवून एकत्र केले. दुर्बिणीने सुमारे शंभर तास कान दिला होता. अखेरीस तो स्वर ऐकू आला. इतक्या दूरच्या आकाशगंगांच्या हायड्रोजनची स्वतःची लहर मानवास ऐकू आली ती ही पहिलीच.

आणि तेल किती निघाले? वायू विपुल होता. सर्व ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाहून कमी नव्हता. पण त्या काळी तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते की तो साठा शंभर-दोनशे कोटी वर्षेच पुरता. बाहेरून नवा वायू त्या वेगाने मिळाला नाही, म्हणून ताऱ्यांचा जन्म पुढे मंदावला, असा संशोधकांचा निष्कर्ष. आज विश्वात तारे जन्मण्याचा वेग त्या भरभराटीच्या काळाच्या एकदशांशाएवढाच उरला आहे.

हा निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोविंद स्वरूप त्याआधी महिनाभर, ७ सप्टेंबर २०२० रोजी, पुण्यात निवर्तले होते. लमेत्र यांना आपल्या सिद्धांतास बळकटी देणारा शोध लागल्याची वार्ता १९६६ साली मृत्युशय्येवर तरी मिळाली. ज्याच्या आशेने दुर्बीण उभारली तो दूरच्या हायड्रोजनचा स्वर छापलेला पाहण्यास स्वरूप उरले नाहीत. तरीही त्यांचे श्रम वाया गेले असे कोण म्हणेल? आमच्या गावोगावी ज्यांनी आंबे लावले, त्यांतील कितीकांनी फळ चाखले?

या कथेत खोडदच्या आसपासच्या गावांचाही वाटा आहे. इतके क्षीण स्वर ऐकावयाचे म्हणजे भोवती रेडिओलहरींचा गोंगाट नको. म्हणून या टापूत मोठे कारखाने व मनोरे यांवर बंधने आली. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्ग दुर्बिणीजवळून जात असल्याने अलीकडे त्यास हरकत निघाली व मार्ग दूर नेण्याचे घाटले, तेव्हा रेल्वेची वाट पाहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांनी नाराजी बोलून दाखविली. ती नाराजी अडाणीपणाची होती असे आम्ही म्हणणार नाही. द्राक्षे व टोमॅटो पिकविणाऱ्यास बाजार जवळ हवा असतो. परंतु शांतता ही एकदा मोडली की पुन्हा विकत मिळत नाही, हेही खरे. ज्या गावांनी ती राखली, त्यांचे ऋण देशाने रस्त्यांनी, पाण्याने, शाळांनी फेडावे. केवळ गौरवाच्या शब्दांनी नव्हे. दरवर्षी फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या निमित्ताने दुर्बीण पाहण्यास शाळांची मुले लोटतात. त्यांत या गावांची मुले पुढे असावीत, एवढी आमची इच्छा.

नानाखेड्याच्या त्या मुलास आम्ही पत्र लिहिले आहे. “बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. आकाशीच्या दिव्यांतील तेल खरोखरच कमी होत आहे, आणि ते मोजणारी माणसे आपल्यातच आहेत. घाबरू नकोस; तुझा सूर्य अजून शेकडो कोटी वर्षे तेवणार आहे. मात्र प्रश्न विचारणे सोडू नकोस. पुढच्या सुट्टीत आलास म्हणजे तुला खोडदला नेऊ.”

वाचकहो, आपल्या घरातील मुलाने असा प्रश्न विचारला तर आमच्यासारखी वेळ मारून नेऊ नका, एवढेच सांगणे.