न उघडलेला अंक

न्यू जर्सीचे आमचे मामा गेल्या सुटीत आले, तेव्हा त्यांनी मला काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असलेले एक कॉमिक दिले. सुपरमॅनचा ७५ वा अंक, १९९२ सालचा. यात सुपरमॅन मरतो. मामांनी तेव्हा पाच प्रती घेतल्या आणि एकही उघडली नाही. का? तर पिशवी फोडली की किंमत उतरते!

हिशेब सरळ होता. १९३८ सालचा दहा सेंटांचा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक पुढे लाखो डॉलरला जातो (२०१४ साली तो ३२ लाखांना गेला), मग हा का जाणार नाही? पण वाचकहो, तो जुना अंक महागला कारण तो कोणी जपलाच नव्हता. पोरांनी वाचून फाडला, बाकीचे युद्धकाळात रद्दीत गेले. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ च्या मात्र ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुखपृष्ठे पाच, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाने पाचही घ्यावीत! जे प्रत्येकाच्या कपाटात आहे, ते विकत कोण घेणार? पुढे अनेक दुकाने बुडाली आणि १९९६ साली मार्व्हल कंपनीनेच दिवाळे काढले.

मामांना मूर्ख म्हणवत नाही. पण त्यांना असे वाचण्यापासून तोडणाऱ्यांचा रागच येतो. मी पिशवी कात्रीने कापली. आत शोकाची काळी पट्टी निघाली. अंकाच्या प्रत्येक पानावर एकेकच मोठे चित्र आहे. हे मामांना तीस वर्षांत ठाऊक नव्हते.